ड्रायव्हरकडची घंटी

बंदराचं गाव, ४ फेब्रुवारी

मामा,

तुला आणि मामीला नमस्कार. पत्ता पुन्हा बदललाय, पण या वेळी कोणी हाकललं नाही, माझा मीच निघालो. मिठाच्या गोदामात दोन महिने काढले. बोटं इतकी खारट झाली होती की चहाच्या कपात बुडाली तर चहा ओतून द्यावा लागायचा. ते सोड.

आता मी वर्तमानपत्रात आहे. हसू नकोस. चार पानांचं आहे, आठवड्यातून तीनदा निघतं. चालवणाऱ्या बाईंना सगळं गाव संपादकबाई म्हणतं, त्यांची सख्खी बहीणसुद्धा. मी खरं तर भांडायला गेलो होतो. त्यांनी बोटीची वेळ चुकीची छापली आणि माझी बोट गेली. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "तुला चुका दिसतात?"

मी म्हटलं, "बोट निघून गेली की आंधळ्यालाही दिसतात."

"मग बस इथे, आणि उद्याचा अंक वाच."

तेव्हापासून बसलोय. सतरा दिवस झाले. एका खुर्चीत मी सतरा दिवस हे आईला सांगितलंस तर ती डॉक्टर पाठवेल.

आता तुझं काम. तू सांगितलं होतंस, जाशील तिथे लोक साहेबांना काय म्हणतात ते कान देऊन ऐक आणि लिही. देशाच्या प्रमुखाचा सगळ्यात जवळचा सल्लागार, आणि त्याला माहिती लागते अर्ध्यात शाळा सोडलेल्या भाच्याकडून! तर ऐक. इथल्या न्हाव्याकडे साहेब म्हणजे 'आपला कंडक्टर'. धक्क्यावरचे हमाल 'टकल्या' म्हणतात, पण प्रेमाने, म्हणजे दुसऱ्या कोणी म्हटलं तर मारायला उठतील. शाळेच्या बाई 'ते' म्हणतात, नवऱ्याबद्दल बोलावं तसं. आणि आमच्या छापखान्यात? संपादकबाई म्हणाल्या, "लिहिताना माननीय, वाचताना साहेब, आणि वाचून झाल्यावर हा बाबा."

हे सगळं तू त्यांना खरंच सांगतोस का? आणि ती घंटीची काय भानगड आहे? मामी एकदा म्हणाली होती की तुझ्या टेबलावर घंटी आहे आणि ती वाजली की देश थांबतो. मला वाटलं होतं मामी फेकतेय.

तुझा,
भिंगरी


राजधानी, १३ फेब्रुवारी

चिरंजीव भिंगरी,

आशीर्वाद आणि एक चापट. आईला पत्र टाक. तुझी खुशाली तिला माझ्याकडून कळते, हे तिला आवडत नाही.

तू लिहिलेलं सगळं मी कागदावर उतरवून घेतो. दर सोमवारी सकाळी साहेबांच्या चहाबरोबर एक पान जातं. वर लिहिलेलं असतं, 'बाहेर काय म्हणतात'. टकल्या मी तसंच लिहिलंय. डोक्यावरून हात फिरवायची त्यांची सवय तुला माहीत नाही. फार बघण्यासारखी आहे.

आता घंटी. मी बावीस वर्षं बस चालवली, त्यातली चौदा वर्षं माझ्या गाडीवर कंडक्टर तो होता. मग संघटना आली, मोर्चे आले, तुरुंग आला, निवडणूक आली आणि ही खुर्ची आली. खुर्चीत बसला त्या दिवशी मला म्हणाला, "ड्रायव्हर, आता गाडी मी चालवणार. घंटी तू मार."

आमची जुनी गाडी तेव्हा भंगारात निघाली होती. तिची घंटी सोडवून आणली आणि माझ्या टेबलावर बसवली. त्याची खोली आणि माझी खोली, मध्ये नुसती काच. सहीला जाणारा प्रत्येक कागद मी आधी वाचलेला असायचा. त्याने पेन उचललं की मी वाजवायची. एक टोला म्हणजे थांब, मी आत येतोय. दोन म्हणजे जाऊ दे. अकरा वर्षं. चारचौघांत मी त्याला माननीय म्हटलं, आणि काचेच्या आत कंडक्टर. तिथे मला शहाणपण शिकवायची मुभा होती आणि त्याला मला शिव्या द्यायची.

त्या घंटीला एक खोड आहे. सोडवताना तिचा दांडा सैल झाला. खटका ओढला की एकदा लागतो आणि उसळून परत लागतो. एकच टोला हवा असेल तर लगेच वाटीवर तळवा ठेवावा लागतो. कंडक्टर म्हणायचा, "दुरुस्त करू नकोस. थांबवणाऱ्याला जरा कष्ट पडलेच पाहिजेत."

बाकी इथे ठीक. शिष्टाचाराचे नवे अधिकारी आले आहेत. माणूस फार नीटनेटका, कपडे आणि बोलणं दोन्हीला कडक इस्त्री. त्यांनी कार्यालयाला वळण लावायला घेतलंय. माझीही खोली बदलली. आता मागच्या इमारतीत तळमजल्यावर प्रशस्त खोली आहे, खिडकीतून झाड दिसतं. उगाच कोणी येऊन त्रास देत नाही. घंटी मला बरोबर नेऊ दिली.

मामी विचारते, जेवतोस ना?

तुझा मामा


बंदराचं गाव, २२ फेब्रुवारी

मामा,

अभिनंदन! मोठी खोली, वर झाड! मी छापखान्यात सगळ्यांना सांगितलं की माझ्या मामाला बढती मिळाली. छपाईचे खिळे जुळवणारे काका म्हणाले, "खालच्या मजल्यावर बढती?" मी म्हटलं, काका, मोठ्या इमारतीत वरखाली असं नसतं. बरोबर सांगितलं ना?

खिळेकाकांचं सांगायचं म्हणजे, त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि ते तो कान फक्त संपादकबाईंच्या बाजूला ठेवतात. काय सांगत होतो? हां. तुमच्या त्या इस्त्रीवाल्यांचं परिपत्रक आमच्याकडे येऊन थडकलं. यापुढे साहेबांचा उल्लेख येईल तिथे दर वेळी, म्हणजे दर वाक्यात मामा, 'देशाचे परमआदरणीय मार्गदर्शक व आधारस्तंभ' असं पूर्ण छापायचं. सध्या ही सूचना आहे. साहेबांची सही झाली की आदेश होणार, आणि न छापणाऱ्याचा कागदाचा कोटा बंद. आमच्यासारख्याचा कोटा बंद म्हणजे दुकानच बंद.

बाईंनी एकदा छापून पाहिलं. एका कॉलमात मथळा मावेना. 'देशाचे परमआदरणीय' पहिल्या पानावर आणि 'आधारस्तंभ' पान तीनवर, तेलाच्या जाहिरातीखाली. त्यात खिळेकाका पेटी आपटत आले. म्हणाले, "बाई, माझ्याकडे ण एवढेच आहेत. साहेबांना आदर दिला की गावाला पाणी उरत नाही."

बघितलं तर खरंच. नळाला चार दिवस पाणी नाही ही बातमी होती, आणि पेटीत एकही ण शिल्लक नव्हता. बाई इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. पण ते पुसणं नंतर बराच वेळ चाललं, मग मी चहा आणायला बाहेर पडलो. हे वर्तमानपत्र त्यांच्या वडिलांनी काढलं होतं.

परवा त्यांनी अंक जुन्यासारखाच छापला. नुसतं 'माननीय'. दुसऱ्या दिवशी ताकीद आली.

मामा, तुझ्याकडे तो कागद येईलच ना सहीच्या आधी? एक टोला देऊन टाक. तळवा ठेवून.

आणि हे सोमवारच्या पानात घाल: न्हावी विचारतो, "आपल्या कंडक्टरला काय झालंय? आजारी आहे का?"

भिंगरी


राजधानी, ११ मार्च

चि. भिंगरी,

तुझं पत्र मिळालं. कामाच्या व्यापामुळे उत्तराला उशीर झाला.

परमआदरणीय मार्गदर्शकांच्या कार्यालयातल्या कागदांबद्दल पत्रात लिहिणं योग्य नाही. त्यांच्यापुढे कोणता कागद केव्हा जावा हे ठरवायला योग्य माणसं आहेत. संपादकबाईंना म्हणावं, सध्या सांगितलं आहे तसं छापावं. वर्तमानपत्र चालू राहणं महत्त्वाचं.

तू आता कुठेतरी स्थिर व्हावंस असं वाटतं.

झाडाला पालवी फुटली आहे.

मामा


बंदराचं गाव, १७ मार्च

मामा,

मी तुझं पत्र तीनदा वाचलं, मग खिळेकाकांना वाचायला दिलं. ते म्हणाले, "हे तुझ्या मामाचं नाही, इस्त्रीवाल्याचं आहे." मी म्हटलं, अक्षर मामाचंच आहे. ते म्हणाले, "अक्षर त्याचंच रे, पण आत मामा नाही."

तू कंडक्टरला माझ्याशी बोलताना परमआदरणीय म्हणालास! आई तुला अरे-तुरे करते, मी करतो, शेजारच्यांचं पोरगं करतं, आणि तू कधी कोणाला टोकलं नाहीस. म्हणायचास, माणूस जवळ आहे की लांब हे हाक मारली की कळतं. मग आता किती लांब गेलाय तो? नुसती मागची इमारत ना?

मी वाटेल ते बोलतोय, मला माहीत आहे. बोलू दे. माझ्या आयुष्यात कंटाळा न आलेली ही पहिली जागा आहे आणि ती बंद व्हायला निघालीय.

बातमी ही की साहेब ९ एप्रिलला इथे येताहेत, नव्या धक्क्याच्या उद्घाटनाला. नंतर नगर सभागृहात वार्ताहरांची बैठक. आणि तिथेच, सगळ्यांसमोर, त्या आदेशावर सही करणार म्हणे. प्रत्येक वर्तमानपत्राला एक खुर्ची आणि एक प्रश्न. प्रश्न आधी लिहून पाठवायचा, आणि विचारायच्या आधी ते लांबलचक संबोधन पूर्ण म्हणायचं. बाई म्हणाल्या, "मी जाणार नाही. माझं तोंड त्या मापाचं नाही." मग खुर्ची माझ्या गळ्यात पडली.

तुला काय झालंय ते मला सांगू नकोस हवं तर. पण मामीला पत्र टाकायला सांग.

भिंगरी


राजधानी, २५ मार्च

भिंगरी,

मी पत्रं लिहीत नाही, तुला माहीत आहे. मला बोलायला समोर माणूस लागतं. पण तुझे मामा तोंड उघडायचे नाहीत, म्हणून मलाच लिहायला बसावं लागलं. हे पत्र ते जेवून परत गेल्यावर लिहिते आहे.

वाचलंस? जेवून परत गेल्यावर. रोज दुपारी एक वाजला की हे घरी जेवायला येतात. अकरा वर्षांत एकदाही आले नव्हते, ताटं झाकून झाकून माझी झाकणं झिजली. आता वेळेवर येतात, वेळेवर उठतात, भाजी छान झाली म्हणतात. मला भीती वाटते.

अरे, कसली बढती घेऊन बसलास? दोन महिने झाले, यांच्याकडे एक कागद आलेला नाही. त्या इस्त्रीवाल्याने यांना सांगितलं की साहेबांची इच्छा आहे तुम्ही विश्रांती घ्यावी. सोमवारचं पान हे अजून लिहितात. न्यायला कोणी येत नाही, म्हणून खणात ठेवतात. तुझी सगळी पत्रं त्याच खणात आहेत.

मी म्हटलं, जा की समोर, जाऊन विचारा त्याला. म्हणाले, "तीस वर्षांची सोबत आमची. त्याला मी हवा असतो तर काच ओलांडून आला असता." मी म्हटलं, त्यालाही तसंच वाटत असेल तर? तर म्हणाले, "तो प्रमुख आहे." मी म्हटलं, तो कंडक्टर आहे आणि तुमच्याइतकाच हट्टी आहे. मग बोलले नाहीत. दोन दिवस.

घंटी आता घरी आणून ठेवलीय. रोज पुसतात. वाजवत नाहीत. मला ते बघवत नाही. म्हणून सोबतच्या डब्यात, जुन्या लुगड्यात गुंडाळून तुला पाठवली आहे. यांना सांगितलंय की कल्हई करायला दिली. घंटीला कल्हई! आणि यांनी विश्वास ठेवला, यावरून समज काय अवस्था आहे.

तू त्या बैठकीला जाणार आहेस ना? कंडक्टरच्या हातात नेऊन दे. म्हणावं, ड्रायव्हरने पाठवली नाही, ड्रायव्हरच्या बायकोने पाठवली.

लुगडं परत पाठव.

मामी


बंदराचं गाव, १० एप्रिल

मामा, मामी,

दोघांना एकच पत्र. मामी, आता लपवून उपयोग नाही. मामा, घंटी कल्हईला गेली नव्हती.

आधी सांगतो, मी ठीक आहे, अटक वगैरे काही नाही. सभागृहाच्या दारात पोलिसाने पिशवी तपासली. "हे काय?" मी म्हटलं, घंटी. "कशाची?" "बसची." "बस कुठाय?" मी म्हटलं, भंगारात. तो माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "वर्तमानपत्रवाले ना? जा." आमच्याबद्दल लोकांची मतं कशी पक्की असतात बघ.

आत लाकडी खुर्च्या, प्रत्येकीवर नंबर. माझा सात. पुढे मंच, हिरव्या कापडाचं टेबल, त्यावर तो आदेश, शेजारी पेन, टोपण आधीच काढून ठेवलेलं. इस्त्रीवाले खुर्चीमागे उभे. आणि साहेब. मामा, फोटोत दिसतात त्यापेक्षा थकलेले वाटले. डोक्यावरून हात एकदाही फिरवला नाही.

माझा बेत सरळ होता. बैठक संपली की पुढे जायचं आणि घंटी हातात द्यायची. पण पहिल्या नंबरचा उठला आणि म्हणाला, "देशाचे परमआदरणीय मार्गदर्शक व आधारस्तंभ, नवा धक्का पाहून आपल्याला कसं वाटलं?" साहेब म्हणाले, चांगलं वाटलं. दुसरा उठला, पुन्हा ते सगळं म्हणाला, आणि विचारलं, आमच्या गावाबद्दल काय वाटतं? चांगलं वाटतं. तिसरीने तब्येत विचारली. मला दिसत होतं, संबोधन सुरू झालं की साहेबांचे डोळे खिडकीकडे जायचे आणि संपलं की परत यायचे. सगळे त्यांच्याशी बोलत होते, पण एकालाही ते काही उलट विचारत नव्हते. आपल्या गल्लीतला पोस्टमनसुद्धा उलट विचारतो.

सहा झाले. इस्त्रीवाले वाकून म्हणाले, "आता अखेरचा प्रश्न, मग स्वाक्षरी." म्हणजे मी अखेरचा! साहेबांनी पेन उचललं, हातात धरलं, माझ्याकडे पाहिलं.

मी उठलो. "देशाचे परमआदरणीय," इथपर्यंत नीट झालं. पुढे मार्गदर्शक की आधारस्तंभ? डोक्यात पाणी, ण, खिळेकाका, सगळी खिचडी झाली. इस्त्रीवाले ओठ हलवून मला शब्द दाखवत होते. आणि साहेबांची नजर पुन्हा खिडकीकडे गेली, ते पेन हळूहळू कागदाकडे निघालं, आणि मला एकदम तुझी ती काच आठवली. त्याने पेन उचललं की मी वाजवायची.

मी पिशवीत हात घातला आणि खटका ओढला. एकदाच, आईची शपथ!

टिंग. टिंग.

तळवा! मामा, मी तळवा विसरलो. तू लिहिलं होतंस, मी वाचलं होतं, हसलोही होतो, आणि ऐन वेळी विसरलो. थांब म्हणायला गेलो आणि जाऊ दे वाजवून बसलो. मला वाटलं, संपलं. माझ्या हाताने बाईंचं वर्तमानपत्र बंद केलं.

पेन कागदापासून चार बोटांवर थांबलेलं. साहेबांनी मान वर केली. आवाज एवढा मोठा नव्हता, पण तो धक्क्यापर्यंत गेला असेल.

"ड्रायव्हर चढायच्या आधी डबल कोणी मारली?"

इस्त्रीवाले म्हणाले, "परमआदरणीय, काहीतरी गैरसमज..."

"तुम्ही थांबा हो. सात नंबर, काय आहे पिशवीत? इकडे या."

मी गेलो. लुगडं सोडलं, घंटी टेबलावर ठेवली. साहेबांनी तिला हात लावला नाही, नुसती बघत राहिले. मग विचारलं, "कोणी दिली?"

"ड्रायव्हरच्या बायकोने," मी म्हटलं. "ड्रायव्हरने नाही पाठवली."

"ती अजून चिडलेली आहे माझ्यावर?"

"तसं पत्रात नाही लिहिलं. पण लुगडं परत मागितलंय."

साहेब हसले नाहीत, पण तोंड हसायच्या जवळ आलं. "तुम्ही तिचे कोण?"

"भाचा."

"तो वणवण फिरणारा? भिंगरी?" तुला सांगतो मामा, मला रडायलाच येत होतं. "मग सांग, त्याची तब्येत कशी आहे? त्याने स्वतःहून विश्रांती मागितली, म्हणून मी हाक मारली नाही. आजारी माणसाला किती छळायचं?"

मी म्हटलं, "साहेब, मामाने काही मागितलं नाही. त्याला सांगितलं की तुम्हाला तो नको आहे. तो आजारी नाही. रोज दुपारी घरी जेवायला जातो."

"दुपारी? घरी?"

"एक वाजता. भाजी छान झाली म्हणतो."

साहेबांनी पेनाचं टोपण शोधलं. इस्त्रीवाल्यांच्या हातात होतं. त्यांच्याकडे न बघता हात पुढे केला, टोपण घेतलं, लावलं, पेन खिशात ठेवलं. मग वार्ताहरांना म्हणाले, "सही आज नाही. आधी ड्रायव्हर वाचेल."

आणि घंटी काखोटीला मारून निघून गेले. लुगड्यासकट. मामी, त्याचं मी काही करू शकलो नाही.

परत येऊन सगळं बाईंना सांगितलं. त्यांनी बातमी लिहिली. पहिल्या ओळीत 'माननीय' लिहिलं, थोडा वेळ पाहिलं, आणि तसंच ठेवलं.

मामा, तू रागावला असशील तर रागाव. पण लिही.

भिंगरी


राजधानी, १८ एप्रिल

गाढवा,

आशीर्वाद नाही, नुसती चापट. दोन. तळवा विसरलास म्हणून एक, आणि माझ्यामागे माझ्या बायकोशी संगनमत केलंस म्हणून एक.

बारा तारखेला सकाळी मी त्या झाडाकडे बघत बसलो होतो. दारावर थाप पडली. त्या खोलीच्या दारावर दोन महिन्यांत पहिली. दार उघडलं तर तो, एकटा, काखेत लुगड्याचं गाठोडं. मी उभा राहिलो आणि परिपत्रकात लिहिलंय ते अक्षरन्‌अक्षर म्हणून दाखवलं. रुसलो होतो, खोटं कशाला बोलू?

तो म्हणाला, "आणखी एकदा म्हणालास ना ड्रायव्हर, तर भर रस्त्यात खाली उतरवीन."

मग बसला. खुर्ची एकच होती, म्हणून टेबलावर बसला. बराच वेळ भांडलो. तो म्हणाला, तू का आला नाहीस? मी म्हटलं, तू का आला नाहीस? असं सहा-सात वेळा झालं. मामी म्हणते त्यात काडीचीही चूक नव्हती, हे तिला सांगू नकोस.

मी खण उघडून दिला. तुझी पत्रं आणि न गेलेली सोमवारची पानं. तिथेच वाचत बसला. टकल्यापाशी आला तेव्हा हात आपोआप डोक्यावर गेला. पाण्याच्या बातमीपाशी थांबला. दोनदा वाचलं, हसला, मग हसू गेलं. म्हणाला, "नळाला पाणी नाही हे मला कोणी सांगितलंच नाही." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "मला ते ऐकायला बरं वाटायला लागलं होतं रे. आधारस्तंभ वगैरे. दिवसातून पन्नास वेळा ऐकलं की खांब झाल्यासारखंच वाटतं. खांबाला कोण काय सांगणार?"

त्यावर मी खिडकीतल्या झाडाकडे तोंड फिरवलं. चौदा वर्षं गाडीत एकमेकांकडे पाठ करून काम केलंय आम्ही. आम्हाला तशी सवय आहे.

एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. मी त्याला म्हटलं, पोरगं घोळ घालून बसलं, एकच टोला मारायचा होता त्याला. तर म्हणाला, "बरं झालं चुकला. एकच वाजला असता तर मला वाटलं असतं, तू रुसून बसलास आणि लांबून हुकूम पाठवतोस. हट्टाने सही केली असती मी. पण त्या कागदाला तू डबल देशील हे काही केल्या पटेना. म्हणून विचारलं."

तेव्हा तळवा विसरलास याची चापट परत घेतो. एकच राहिली.

काल घंटी जुन्या जागी बसवली. काच पुसली. तो आदेश परत टेबलावर आला, त्याने पेन उचललं आणि काचेतून माझ्याकडे बघत राहिला. मुद्दाम, मेला. मी खटका ओढला आणि तळवा ठेवला.

इस्त्रीवाल्यांना काढलेलं नाही. परदेशी पाहुण्यांची व्यवस्था दिलीय. तिथे ते फार चांगलं काम करतील. माणूस वाईट नाही, त्याला वाटायचं की खालून ओरडलेलं वर ऐकू गेलं तर अपमान होतो.

बाईंना आणि खिळेकाकांना माझा नमस्कार. आणि तुला तिथे किती दिवस झाले?

मामा

ता. क. खाली दोघांनी जागा मागितली आहे.

भिंगरी, पान माझ्याकडे पुन्हा सोमवारी येतं, तुझी पत्रं थांबवू नकोस. न्हाव्याला सांग, आजारी होतो, आता बरा आहे. आणि खिळेकाकांना विचार, गावाला पाणी पुरेल एवढे ण झाले का. — कंडक्टर

भिंगरी, लुगडं मिळालं. इस्त्री करून पाठवलंय त्या मेल्यांनी. आज दुपारी ताट वाढून ठेवलं होतं. एक वाजला, दोन वाजले, चार वाजून गेले, हे आले नाहीत. झाकण घालून ठेवलं आणि निवांत झोपले. — मामी